लिस्बनचे बसमधून नगरदर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालची राजधानी लिस्बन उघड्या छताच्या दुमजली बसमधून पाहू इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी या शहरात राहतो आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांबरोबर ही फेरी इतक्या वेळा केली आहे, की कोणत्या वळणावर जॅकरंडाची फांदी वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोक्याला लागते, हेही मला आता पाठ झाले आहे.

ही बस नेमकी कशी चालते?

शहरात एकाहून अधिक कंपन्यांच्या अशा बस आहेत आणि त्यांचा प्रकार साधारण सारखाच आहे. २४ किंवा ४८ तासांचे एकच तिकीट घ्यायचे, ठरलेल्या मार्गावरील कोणत्याही थांब्यावर उतरायचे, पाहून झाले की त्याच कंपनीच्या मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचे. तिकिटाचा कालावधी विकत घेतल्यापासून नव्हे, तर पहिल्यांदा बसमध्ये चढल्यापासून मोजला जातो का, हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे. मोठ्या माणसाचे एका दिवसाचे तिकीट साधारणपणे वीस ते तीस युरोंच्या दरम्यान पडते. कुठेही न उतरता एक फेरी पुरी करायला दीड ते दोन तास लागतात आणि संध्याकाळच्या वाहतुकीत त्याहून थोडा अधिक वेळ जातो.

निवेदन मराठीत असते का?

नसते. आसनाजवळच्या खाचेत हेडफोन लावून भाषा निवडायची असते आणि आपल्यापैकी बहुतेकांना तेथे इंग्रजीवरच भागवावे लागते. माझा अनुभव असा, की हे निवेदन तारखा बरोबर सांगते, परंतु तुमच्या-माझ्या दृष्टीने ज्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत त्या गाळते. या पानावरील काही उत्तरे लांबली आहेत ती त्यामुळेच.

बसमधून संपूर्ण लिस्बन पाहून होते का?

नाही, आणि ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच समजून घेतलेली बरी. बस जाते ते रुंद, सरळ रस्त्यांचे लिस्बन १७५५ नंतर घडलेले आहे. जुने लिस्बन म्हणजे किल्ल्याच्या टेकडीवरची आल्फामा ही वस्ती, जिच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. दुमजली बस तेथे शिरू शकत नाही. म्हणून मी पाहुण्यांना नेहमी असे सुचवतो, की पहिल्या दिवशी बसने शहराचा नकाशा डोक्यात बसवून घ्यावा, पश्चिमेकडील बेलेम या नदीकाठच्या भागात आवर्जून उतरावे आणि दुसरा दिवस पायांसाठी राखून ठेवावा.

कोठून चढावे आणि कोणत्या बाजूला बसावे?

मार्केस द पोंबाल या मोठ्या चौकातून चढणे सर्वांत सोयीचे ठरते, कारण तेथे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे आणि सकाळी बस रिकामी मिळण्याची शक्यता अधिक असते. पश्चिमेकडे बेलेमच्या दिशेने जाताना तेजो नदी डाव्या हाताला आणि परत येताना उजव्या हाताला राहते. नदीच्या बाजूचीच जागा धरावी, असे मी सांगेन; दुसऱ्या बाजूला बहुतांश वेळ इमारतींच्या खिडक्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. अर्थात काहींना तेच अधिक आवडते.

निवेदनात भूकंपाचा उल्लेख इतक्या वेळा का येतो?

कारण बसच्या खिडकीतून दिसणारे मध्यवर्ती लिस्बन जवळजवळ सगळे त्या एका सकाळचे फलित आहे. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता, चर्च भाविकांनी भरलेली होती आणि वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास धरणीकंप झाला, त्यानंतर समुद्राची लाट नदीच्या मुखातून आत आली आणि पडलेल्या मेणबत्त्यांपासून व चुलींपासून लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे गेली. नदीकाठचा राजवाडा, त्यातील ग्रंथालय आणि पूर्वेकडील व्यापाराचा सारा कारभार जेथून चाले ती ‘कासा दा इंडिया’ ही कचेरी, हे सर्व नाहीसे झाले. गोवा, चौल, वसई आणि दमणच्या मालाचे हिशेब ज्या इमारतीत लिहिले जात, ती आज कोणालाही दाखवता येत नाही.

राजा जुझे पहिला याने पुढे दगडी छताखाली राहण्याची धास्तीच घेतली आणि आज्युदाच्या टेकडीवर तंबू व लाकडी वाड्यात मुक्काम हलवला. शहर नव्याने उभे केले ते त्याच्या मंत्र्याने, म्हणजेच तुम्ही बसमध्ये चढता त्या चौकात ज्याचा पुतळा सिंहासह उभा आहे त्या मार्केस द पोंबालने. रोसियो चौक आणि नदी यांच्यामधील बाइशा हा भाग बसमधून पाहताना त्याचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे एकमेकांना काटकोनात छेदताना दिसतात. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाच्या फुल्याफुल्यांचा सांगाडा घातलेला आहे, त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली की लाकूड लवते आणि भिंत पडली तरी मजला टिकतो, अशी ही योजना आहे. तिची परीक्षा घेण्यासाठी नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले होते, असे सांगतात.

गोव्याच्या वाचकांसाठी एक भर घालतो. याच पोंबालच्या राजवटीत १७६१ मध्ये गोव्यातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क देणारा हुकूम निघाला आणि १७७४ मध्ये गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बंद झाले. तो सत्तेवरून जाताच इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले आणि कायमचे संपायला १८१२ साल उजाडावे लागले. लिस्बनच्या इन्क्विझिशनचा वाडा रोसियो चौकात, आज जेथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्याच जागी होता. बस तेथून जाताना निवेदक बहुधा चौकातल्या लाटांच्या नक्षीच्या फरसबंदीविषयी बोलत असतो.

नदीकाठच्या मोठ्या चौकात उतरावे का?

अर्धा तास काढून जरूर उतरावे. प्रासा दो कोमेर्सियो असे त्याचे नाव असले, तरी जुने लोक अजूनही त्याला तेरेइरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात. मधोमध राजा जुझेचा १७७५ सालचा घोड्यावरील पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याला वळसा घालून पाहिले तर एका बाजूला दगडी हत्ती दिसतो. पूर्वेकडच्या सत्तेची खूण म्हणून तो तेथे आला. उत्तरेकडील कमानीवर पोंबाल आहे आणि वास्को द गामाही आहे. याच चौकाच्या कडेला १९०८ मध्ये राजा कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, शेजारच्या नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा करण्यात आली. २००७ ते २०१५ या काळात त्याच नगरपालिकेचे महापौर अंतोनियो कोश्ता होते. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. कोश्ता पुढे २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान झाले.

बेलेमला किती वेळ ठेवावा आणि काय पाहावे?

किमान तीन तास ठेवावेत. बसच्या तिकिटाचे पैसे वसूल होतात ते येथेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेरोनिमोस मठाचे काम राजा मानुएल पहिला याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि शंभरेक वर्षे चालले. त्यासाठी लागणारा पैसा मसाल्यांच्या आणि पूर्वेकडील इतर मालाच्या व्यापारावर बसवलेल्या विसाव्या हिश्शाच्या करातून आला. म्हणजे मलबारातली मिरी येथे दगड झाली, असे म्हणायला हरकत नाही. या शैलीला राजाच्या नावावरून मानुएलिन म्हणतात आणि तिची खूण म्हणजे दगडात कोरलेली जहाजावरील सामग्री : दोर, गाठी, नांगर, शंखशिंपले आणि वर्तुळांनी बनलेला खगोलगोल. रेवदंड्याकडचे माझे एक काका मठाच्या आतील चौकात एका खांबापाशी थांबले, चष्मा पुसून त्यांनी खांबाला गुंडाळलेल्या दगडी दोराचा पीळ बोटाने चाचपला आणि म्हणाले, “हा काथ्याचा आहे रे, तागाचा नव्हे.” शिल्पकाराच्या मनात काय होते कोणास ठाऊक, परंतु त्यानंतर मला तो दोर दुसरा कशाचा दिसलेला नाही. हीच शैली घराजवळ पाहायची असेल तर जुन्या गोव्यातील असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चचा दरवाजा आणि टेकडीवरील रोझरी चर्च येथे तिचे अंश शिल्लक आहेत.

चर्चमध्ये शिरताच दोन्ही हातांना दोन समाध्या आहेत, एक वास्को द गामाची आणि एक कवी कामोंइश यांची. वास्को द गामा १५२४ च्या नाताळाच्या सुमारास कोचीला वारला आणि तेथेच पुरला गेला. त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला आणले गेले आणि या मठात ते १८८० साली आले. चर्च आणि आतील चौक यांच्या रांगा वेगवेगळ्या असतात. चौकाचे तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवावे आणि सोमवारी येऊ नये, कारण सोमवारी मठ बंद असतो.

रस्त्यापलीकडे नदीच्या काठावर पन्नास मीटरहून अधिक उंचीचे, पोर्तुगीजांच्या सागरी शोधांचे स्मारक आहे. ते सालाझारच्या हुकूमशाहीत १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते आणि १९६० मध्ये पक्के बांधले गेले. जहाजाच्या नाळेसारख्या त्याच्या दोन्ही कडांवर एकूण ३३ व्यक्ती आहेत. त्यांत गोवा जिंकणारा अफोंसु द आल्बुकेर्क आहे आणि ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत. ज्या वर्षी हे दगड येथे बसले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. निवेदनात हे दोन आकडे शेजारी कधी येत नाहीत.

बेलेमच्या बुरुजावरील गेंडा खरोखर आपल्याकडचा आहे का?

होय. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने आल्बुकेर्कला एक गेंडा भेट दिला, आल्बुकेर्कने तो गोव्याहून राजा मानुएलकडे रवाना केला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने राजवाड्यापुढे त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीने गर्दी पाहूनच पळ काढला. पुढे राजाने हा गेंडा पोपला नजर केला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने त्याला न पाहताच, पत्रातील वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून, त्याचे जे ठसाचित्र केले, तेच पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपात गेंडा म्हणून चालले.

हा बुरूज त्याच सुमारास, १५१४ ते १५१९ दरम्यान बांधला जात होता. त्याच्या वायव्य कोपऱ्यातील पहारेकऱ्याच्या कोनाड्याखाली झिजलेले दगडी डोके आहे, ते त्या गेंड्याचे. मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. आणि लिस्बनमध्ये त्या प्राण्याला नाव काय दिले होते, तर ‘गांदा’. आपला गेंडा आपल्याच नावाने तिकडे ओळखला गेला, ही गोष्ट सांगितली की बसमधली कंटाळलेली मुलेही उठून बुरुजाकडे पाहतात.

पूर्वेकडच्या दुसऱ्या मार्गाचे तिकीट घ्यावे का?

मुले बरोबर असतील तर घ्यावे. हा मार्ग १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेल्या भागाकडे जातो. तेथे मोठे मत्स्यालय आहे आणि सुमारे १७ किलोमीटर लांबीचा वास्को द गामा पूल आहे. वाटेत माद्रे द देउश मठातले चिनी मातीच्या फरशांचे संग्रहालय लागते. तेथे भूकंपापूर्वीच्या लिस्बनचे २३ मीटर लांबीचे निळे-पांढरे फरशीचित्र आहे. नाहीसा झालेला राजवाडा पाहायचा असेल तर त्यात पाहावा. मात्र संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, हे आधी तपासावे. बाकी प्रौढ मंडळींना एक दिवसच मिळाला असेल, तर मी पश्चिमेचाच मार्ग सुचवेन.

तो तांबडा झुलता पूल कोणता?

१९६६ मध्ये तो सालाझारच्या नावाने खुला झाला. २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि पुलाला त्या तारखेचे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली भारताचे असल्याचे करारान्वये मान्य केले.

शाकाहारी माणसांनी काय खावे?

लिस्बनमध्ये शाकाहार आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, परंतु गाफील राहू नये. ‘काल्दु व्हेर्द’ नावाचे हिरव्या पाल्याचे सार भाजीचे दिसते आणि त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या चकत्या असतात. प्रत्येक बेकरीच्या काचेत ‘शामुसा’ असतो; तो आपला समोसाच, गोव्याच्या वाटेने इकडे आलेला, मात्र आत बटाटा असेल अशी खात्री नाही. बेलेममधील १८३७ पासूनच्या दुकानातल्या प्रसिद्ध कस्टर्डच्या टार्टमध्ये अंड्याचे बलक भरपूर असतात. मठांतील जोगिणी कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्याचे पांढरे वापरत आणि उरलेल्या बलकांपासून ही मिठाई निघाली, असे म्हणतात. भारतीय वाणसामान आणि जेवण मार्तिम मोनिश चौकाच्या आसपास मिळते, तर लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवणाची सोय आहे. तेथील समाज मुख्यतः दीव आणि मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा आहे.

खानावळीत बसताच न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्ह समोर येतात. ते फुकट नसतात. नको असल्यास हात न लावता परत करावेत.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी जवळपास सगळीकडे चालते. शिवाय आपण रोज बोलतो त्यातले बरेच शब्द इथलेच आहेत : पाव, बटाटा, चावी, काजू, अननस, लिलाव. इथल्या ‘पगार’ या क्रियापदाचा अर्थ मात्र पैसे चुकते करणे असा आहे, त्यामुळे वाढपी टेबलाशी येऊन पगाराविषयी विचारू लागला तर तो तुमची मिळकत विचारत नसतो, बिल आणू का एवढेच विचारत असतो.

ज्येष्ठ नागरिकांना ही फेरी झेपेल का?

बसमध्ये बसून राहिल्यास सहज झेपते. खालच्या मजल्यावर छताखाली जागा असते. वर जाणारा जिना अरुंद आहे आणि बस चालू असताना तो चढू नये. खरा त्रास उतरल्यावर सुरू होतो, कारण लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असतात आणि पावसात किंवा नुसत्या दवानेही ते साबण लावल्यासारखे निसरडे होतात. चामड्याच्या तळव्यांच्या चपला घरीच ठेवाव्यात.

कोणता महिना चांगला?

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वरच्या मजल्यावर ऊन अंग भाजते, तर नदीकाठाला पोचताच अटलांटिकचा वारा इतका सुटतो की टोपी हाताने धरून ठेवावी लागते. आमच्या घरातल्या दोन टोप्या त्या वाऱ्याने तेजोला वाहिल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचा काळ असतो.

चोऱ्या होतात का?

मारझोडीचे प्रकार विरळा, खिसेकापू मात्र मुबलक. पर्यटक बसपेक्षा २८ क्रमांकाच्या जुन्या ट्राममध्ये त्यांचा वावर अधिक असतो. पासपोर्ट खोलीवर ठेवून त्याची प्रत जवळ बाळगावी.

पर्यटक बस घ्यावी की लिस्बोआ कार्ड?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिस्बोआ कार्डात शहराच्या नेहमीच्या बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि अनेक वास्तूंचा प्रवेश येतो. पर्यटक बस त्यात येत नाही. ज्यांना केवळ बेलेमला जायचे आहे त्यांना प्रासा दा फिगेइरापासून सुटणारी १५ क्रमांकाची ट्राम पुरते आणि स्वस्तही पडते. पहिल्यांदाच आलेल्या, चालण्याची फार हौस नसलेल्या कुटुंबाला मी बसच सुचवतो. मात्र परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकाला विचारून ठेवावी. एकदा मी छापील पत्रकावर विसंबलो आणि सहा पाहुण्यांसह बेलेमच्या थांब्यावर तासभर ताटकळलो. शेवटी त्याच १५ क्रमांकाच्या ट्राममध्ये उभ्याने परत आलो.

मग आल्फामा कसे पाहावे?

प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्यापर्यंत चढते. तेथून उतार धरावा, म्हणजे गुडघ्यांना चढाची शिक्षा होत नाही. सांता लुझियाच्या सज्जापाशी थांबून भिंतीवरची दोन फरशीचित्रे पाहावीत : एकात भूकंपापूर्वीचे राजवाड्याचे पटांगण आहे, दुसऱ्यात ११४७ मध्ये मूर मुसलमानांकडून किल्ला घेतला जात असताना दार बंद होऊ नये म्हणून स्वतःचे शरीर फटीत घालणारा मार्तिम मोनिश आहे, ज्याच्या नावाच्या चौकात आज आपली मसाल्याची दुकाने आहेत. खाली कॅथेड्रलपर्यंत यायला रमतगमत तासभर लागतो. संध्याकाळी साडेपाचनंतर निघावे; तेव्हा पर्यटकांचे जथे पांगलेले असतात आणि दारातल्या शेगडीवर सार्डिन मासे भाजणाऱ्या आजीबाई वाट विचारणाऱ्याला पोर्तुगीजमध्येच, पण हाताने अचूक दिशा दाखवून उत्तर देतात.